जेवताना मुलांशी नेमकं काय बोलायचं?

मेतकूट
सोमवार, रात्री १०.४०

लेक सव्वातीन वर्षांची आहे. रात्री साडेसातला मी, नवरा, सासूबाई आणि ती असे चौघं एकत्र जेवायला बसतो. परवा ती झोपल्यावर नवरा म्हणाला, "आज जेवताना तिच्याशी केवढं बोललीस, पण गप्पा काही मारल्या नाहीस." मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना मोबाइलवर आवाज मुद्रित करायला लावला आणि रात्री ऐकत बसले.

आ कर. चाव. गिळलंस का? थुंकायचं नाही हं. बघ, बाबांनी कसं संपवलं. भाजी खाल्लीस तरच आंबा. हा शेवटचा. बरं, आता अजून एकच.

पंचवीस मिनिटांत "एकच घास" मी चौदा वेळा म्हटलं होतं. आणि तेवढ्या वेळात तिच्या पोटात गेलेली भेंडी किती, तर दोन चकत्या. तिसरी तिनं डाव्या गालात धरून ठेवली होती. रात्री दात घासताना ती तशीच्या तशी बेसिनमध्ये पडली. ती पाहून मला रडू आलं. एवढंसं पोर, मला दुखवायचं नाही म्हणून घास तोंडात घेतं आणि गिळवत नाही म्हणून दीड तास गालात धरून बसतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलोय. वजन-उंचीचा आलेख व्यवस्थित आहे, रक्त तपासलंय, काळजीचं काही नाही. त्यामुळे पाककृती नकोत, टॉनिकची नावंही नकोत. मला बोलणं बदलायचंय. तुमच्या घरी ताटावर कुठली वाक्यं बोलली जातात? कुठली तुम्ही ठरवून थांबवलीत?


पाटावरवंटा
सोमवार, रात्री ११.१५

मेतकूट, गालातल्या घासाबद्दल वाचून पोटात कालवलं. माझ्या धाकट्याचं अगदी हेच होतं.

मी सगळ्यात आधी थांबवलं ते त्याच्यादेखत इतरांना सांगणं. "आमचा हा भाजीला हातच लावत नाही हो." घरी कोणी आलं, फोनवर बहीण असली, जिन्यात शेजारीण भेटली की हे वाक्य ठरलेलं. एकदा मावशीनं त्याला विचारलं, "तुला काय आवडतं रे?" तर चार वर्षांचा मुलगा म्हणतो, "मी भाजी खात नाही." आवडतं काय हे त्याला सांगताच आलं नाही, खात नाही ते मात्र पाठ! आम्हीच त्याची तशी ओळख करून दिली होती. त्या दिवसापासून घरात "खात नाही" हा शब्द बंद. कोणी विचारलंच तर "अजून ओळख व्हायचीय" एवढंच म्हणायचं.


शेवंती
मंगळवार, दुपारी २.०५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दिवसाला निदान पाच आया आणि दोन आज्या "काही खातच नाही" म्हणत समोर बसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, तीन किलोचं बाळ नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोची भर पडते आणि पुढे वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग एवढा उतरला की भूकही उतरणारच. आई-बाबांच्या डोळ्यांपुढे असतं ते दहा महिन्यांचं, वाटीभर खिमट फस्त करणारं बाळ. त्यात दोन ते सहा या वयात नव्या चवीची भीती वाटणं हा वाढीचाच भाग असतो. ज्या मुलानं दीड वर्षाचं असताना दुधी खाल्ला तेच तीन वर्षांचं झाल्यावर दुधी ढकलतं. तो हट्ट नसतो आणि तुमचे संस्कारही कमी पडलेले नसतात.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी करून दिली आहे, ती मी सगळ्यांना सांगते. काय शिजवायचं, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं ठरवायचं. आपल्याकडे बहुतेक घरांत हे नेमकं उलटं चालतं. मुलगा म्हणतो मॅगी, आपण मॅगी करतो आणि मग ती किती संपवायची हे आपण ठरवतो.

नवी भाजी एकदा नाकारली म्हणजे निकाल लागला असं नाही. लीॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं पदार्थ स्वीकारतात असं त्यातून दिसलं. यात जबरदस्तीनं तोंडात गेलेला घास धरायचा नाही. नुसतं ताटात असणं, हात लावणं, हुंगणं, चाटून परत ठेवणं हे सगळं मात्र जमेला.

"भाजी खाल्लीस तरच आंबा" यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आणि आंबा हे बक्षीस. आंबा द्यायचाच असेल तर जेवणाबरोबर वाटीत फोडी ठेवा, सगळ्यांनाच.

खरी काळजीची बाब म्हणजे रक्तातलं लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. शंभरातली जवळपास एकोणसत्तर. सुखवस्तू घरांतही मला हेच दिसतं आणि तिथे कारण बहुतेकदा दूध असतं. जेवला नाही म्हणून दूध, दूध प्यायलं म्हणून भूक नाही. दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त नको. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं.

आणि घास तोंडात असताना हसवू नका, पळवू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नका. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा मी रात्री दोन वाजता काढायला पाठवलेला आहे, म्हणून कळकळीनं सांगते.


कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ८.३०

मी वाईचा. वय ७१, तीन नातवंडं. डॉक्टरीणबाईंचं सगळं पटलं, पण एक विचारतो. आमच्या आईनं आम्हा पाच भावंडांना हा घास चिऊचा, हा घास काऊचा करत वाढवलं. मीही नातवंडांना खिडकीत बसून तसंच भरवलं. आता सगळे म्हणतात की गोष्टी सांगून भरवू नका, लक्ष जेवणात हवं. मग चिऊ-काऊ पण चुकीचे का? मनापासून विचारतो आहे.

दुसरं म्हणजे, आमच्याकडे ताटात टाकणं हे पाप. वदनी कवळ घेता म्हणून झालं की पानातलं संपवूनच उठायचं. मूल म्हणेल तेव्हा उठू द्यायचं, तर अन्नाची किंमत त्याला कधी कळणार?


शेवंती
मंगळवार, रात्री ९.५०

काका, चिऊ-काऊ अजिबात चुकीचे नाहीत. त्यात तुम्ही मुलाच्या तोंडाकडे बघत असता, त्यानं मान फिरवली की तुम्हाला कळतं. मोबाइलसमोर मुलाला आपण काय गिळतो तेच कळत नाही, पोट भरलेलं कळत नाही आणि भरवणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं सांगितलं आणि एक वर्षाच्या आत तर मुळीच नको. कित्येक घरांत तो तास जेवणातच संपतो. फक्त चिऊच्या घासानंतर मुलानं तोंड मिटलं तर काऊला उपाशी जाऊ द्या. काऊसाठी म्हणून कोंबू नका.


मेतकूट
मंगळवार, रात्री १०.१०

कृष्णाकाठ काका, टाकण्याबद्दल आमच्या घरी उत्तर सासूबाईंनी काढलं. त्या म्हणाल्या, "पान वाढताना चूक तुमची होते आणि बोलणी पोरीला बसतात." त्यांच्या माहेरी पंगतीत लहान मुलांना आधी चमचाभरच वाढायचे आणि वाढणारी म्हणायची, "मागून घे, भरपूर आहे." त्यामुळे परवापासून भाजी चमचाभर, भात तिच्या मुठीएवढा. संपलं तर ती "आणखी" म्हणते. ताटात राहिलंच तर दोन भेंड्या राहतात, त्या मी खाते. टाकायला काहीच उरत नाही.


दूरदेशी
बुधवार, सकाळी ७.२०

सिॲटलहून लिहितोय. बोलण्याबद्दलच विचारलंयत म्हणून सांगतो. आमच्याच राज्यातल्या विद्यापीठातल्या, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जेन लॅनिगन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या मुलांना मसूर, टोमॅटो, ढोबळी मिरची असले पदार्थ पुन्हा पुन्हा दिले. काही पदार्थ देताना नुसतेच वाढले, काहींबरोबर मुलाच्या कामाचं एखादं वाक्य जोडलं, उदाहरणार्थ, मसूर खाल्लास की मोठा होशील आणि जोरात पळशील. महिन्याभरानंतर पाहिलं, तर ज्या पदार्थांबद्दल असं सांगितलं होतं ते मुलांनी साधारण दुप्पट खाल्ले. "हे पौष्टिक आहे" यातून तीन वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही. पळणं मात्र चांगलं कळतं.

मी मुलाला राजम्याबद्दल सांगतो की याने पायात जोर येतो, मग आपण टेकडी चढू. शनिवारी टेकडी चढताना तो स्वतःच म्हणाला, "बाबा, राजमा संपला, आता उचलून घे."


पाटावरवंटा
बुधवार, सकाळी १०.३०

दूरदेशी, वाक्य गोड आहे, पण मला यात एक धोका दिसतो. अमेरिकेतल्याच मिखाल मायमरान आणि आयलेट फिशबाख यांनी २०१४ साली याच वयाच्या मुलांवर प्रयोग केले होते. गोष्टीतली मुलगी बिस्किटं खाते. काही मुलांना सांगितलं, ती खाऊन तिला ताकद येते. काहींना सांगितलं, ती खाऊन ती वाचायला शिकते. काहींना यातलं काहीच सांगितलं नाही. ज्यांना फायदा सांगितला त्यांनी कमी खाल्लं. लहान मुलांचा हिशेब असा दिसतो की एखादी गोष्ट औषधी असेल तर ती चवीला वाईट असणार. आणि ते खरंच आहे, आपण तरी त्यांना श्रीखंडाचे फायदे कधी सांगतो का?

मला वाटतं प्रश्न वाक्याचा नाही, सुराचा आहे. घास उचलून तोंडासमोर धरून "खा, पाय मजबूत होतील" म्हटलं की ती विक्री झाली. मुलगा आपणहून खात असताना किंवा आपण स्वतः खाताना सहज म्हटलं तर ती गप्पा होते. आणि दिवसातून एकदाच. प्रत्येक भाजीला फायदा जोडला तर ताटाचा दवाखाना होईल.


दूरदेशी
बुधवार, सकाळी ११.०५

पटलं. लॅनिगनबाईंच्या अभ्यासातही चव आवडण्यात फरक पडला नव्हता, खाण्याचं प्रमाण तेवढं वाढलं होतं. मी ते वाक्य टेकडीपुरतं ठेवतो.


टाकळा
बुधवार, सायंकाळी ६.४५

मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची एकवीस मुलं माझ्याकडे जेवतात. तुमचा धागा बहिणीनं पाठवला.

आमच्याकडे एकवीस मुलांना "एकच घास" म्हणत बसायला वेळ नसतो, त्यामुळे ती सवय लागलीच नाही. आम्ही गोलात बसतो. मी त्यांच्यात बसून तेच खाते. मी खाल्लं नाही तर मुलं बरोबर विचारतात, "ताई, तुला नको?" मग त्यांनाही नको असतं.

मटकी भिजवली की फडक्यात बांधताना मी मुलांना दाखवते. दुसऱ्या दिवशी फडकं उघडलं की मुलं ओरडतात, "शेपटी फुटली!" प्रत्येक जण एक-एक दाणा उचलून शेपटी बघतो. त्याच दिवशी तिची उसळ होते. उसळीत शेपटी शोधत शोधत वाटी रिकामी होते. मी काहीच म्हणत नाही, फक्त विचारते, "सापडली का?"

पावसाळ्यात आमची मुलं टाकळा, कुर्डू, शेवळं नावानं ओळखतात. आईबरोबर खुडायला जातात. जी भाजी हातानं खुडली तिला नाही म्हणत नाहीत. शहरात रान नाही, पण मेथी निवडायला बसवता येईल.

एक मुलगा पाठ करून बसायचा. शेवग्याचा पाला घातलेली डाळ दिसली की तोंड भिंतीकडे. मी त्याला हाक मारली नाही. त्याच्या वाटीत रोज अर्धी पळी वाढायची, बाकी सगळ्यांसारखंच. पावसाळा संपत आला तेव्हा एक दिवस तो पाठ करूनच बसला होता, पण वाटी मागे घेऊन गेला होता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. हे सगळं वजन बरं असलेल्या मुलांसाठी. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते मूल तीव्र कुपोषित. त्याची भूकच मेलेली असते. तिथे "मागेल तेव्हा देऊ" म्हणून थांबायचं नाही, लगेच आरोग्य केंद्रात न्यायचं. भूक मेलेलं मूल शांत असतं, रडत नाही, मागत नाही. घरच्यांना ते शहाणं वाटतं.


अबोली
बुधवार, रात्री ११.५५

टाकळाताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले.

मला दुसऱ्या बाजूनं लिहायचंय. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तो सहाच पदार्थ खायचा. मऊ भात, साधं वरण, दही, केळं, एका विशिष्ट आकाराची पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या. मी ओरडले नाही, लालूच दाखवली नाही, पंधरा काय पन्नास वेळा गाजर ताटात ठेवलं. गाजर ताटात दिसलं की तो ओकायचा. दोन वर्षं सगळे सांगत होते की लाड बंद करा, उपाशी राहिला की खाईल. तो दीड दिवस उपाशी राहिला आणि त्यानं खाल्लं नाही. त्या दीड दिवसाची आठवण अजून जात नाही.

त्याला स्पर्शाचा, वासाचा, तोंडातल्या पोताचा त्रास होतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जायला लागल्यापासून आठ महिन्यांत सहाचे नऊ झाले. म्हणून कुणाचं मूल ओकत असेल, गिळताना ठसकत असेल, आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडत असेल, तर कृपया धाग्यांवर थांबू नका, दाखवा. आणि अशा घरी पाहुणे गेलात तर मुलाच्या ताटाबद्दल काहीही बोलू नका. चांगलंही नको.


शेवंती
गुरुवार, दुपारी १.४०

अबोली, तुम्ही अगदी वेळेवर लिहिलंत. वरच्या माझ्या प्रतिसादात हे यायला हवं होतं. "उपाशी राहिला की खाईल" हा सल्ला अशा मुलांना लागू नाही. तुम्ही सांगितलेली तीनही लक्षणं आणि त्याबरोबर वजन घटणं, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांकडेच जायचं.


मेतकूट
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. काय काय केलं ते लिहिते.

भाजी निवडायला तिला बरोबर बसवलं. मेथीची पानं ती एकेक करून खुडते, जुडी निवडायला पाऊण तास लागतो आणि निम्मी पानं खाली असतात. म्हणून हे फक्त शनिवारी.

"एकच घास" बंद केलं. फार जड गेलं. पहिले चार दिवस तर बोलायला काही उरलंच नाही, जेवताना शांतता पसरायची. मग मी माझ्या ताटाबद्दल बोलायला लागले. "आज आमटी जरा आंबूस झालीय." "काकडी बघ किती करकरीत." आणि यातून काहीतरी सापडलं, तेच सांगायला आलेय. तिच्याकडे न आवडलेल्या पदार्थासाठी एकच शब्द होता, "शी." आणि त्या "शी"वर मी आजवर रागावत आले होते, अन्नाला शी म्हणू नये म्हणून. पण दुसरा शब्द मी तिला दिला कुठे होता? आपल्याकडे तर शब्दच शब्द आहेत. बुळबुळीत, चिकट, तुरट, मिळमिळीत, लुसलुशीत, खरखरीत, झणझणीत, गिचका, फडफडीत. सासूबाईंनी तर हा खेळच केला. त्या एक घास खातात, डोळे मिटतात आणि शब्द सांगतात. मग पाळी नवऱ्याची. तिला कोणी विचारत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "आता मी."

भेंडी आली तेव्हा तिनं एक चकती बोटात धरली, चिमटीत दाबली, बोटं लांब केली तशी तार आली. "आई, चिकट." मी म्हटलं, "हो, चिकट आहे." एवढंच. पूर्वी मी म्हटलं असतं, चिकट नाहीये बाळा, छान आहे, खाऊन तर बघ. तिनं ती तार तीन-चार वेळा काढली आणि चकती बाजूला ठेवली. गालात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही भेंडी चिंच घालून कुरकुरीत परतली, तेव्हा तिनं पाच चकत्या खाल्ल्या. परवा साधी केली तर एकही नाही.

दूध सकाळचा एक पेला आणि संध्याकाळी अर्धा, एवढंच ठेवलंय. त्याचा फरक सगळ्यात आधी दिसला. सात वाजताच ती ओट्यापाशी येऊन उभी राहते.

माहेरी गेलो होतो तिथे "किती बारीक झालीय ही" सुरू झालं. पाटावरवंटाचं वाक्य कामी आलं, आईला बाजूला घेऊन सांगितलं. आईला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग तिनं विचारलं, "मग मी काय बोलू तिच्याशी?" मी तिला शब्दांचा खेळ शिकवला.


कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.५०

गिचका शब्द किती दिवसांनी वाचला! आमच्याकडे जास्त शिजलेल्या भाताला आसट म्हणतात, तोही द्या तिला. माझ्या धाकट्या नातवाबरोबर उद्यापासून हेच करणार. त्याच्या पानात आता चमचाभरच वाढतो आहे.


मेतकूट
सोमवार, रात्री ९.१५

काका, आसट दिला. आज दुधी होता. तिनं फोड उचलली, हुंगली, जिभेचं टोक लावलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मिळमिळीत आणि आसट." फोड परत ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "खरंय गं, आज मीठ कमी पडलंय." आम्ही सगळ्यांनी वरून मीठ घेतलं. तिनंही चिमूटभर घेतलं, फोडीवर टाकलं आणि परत चाटून पाहिलं.